गिरणीचे वळण

ऑयगेन गूटेकुन्स्टच्या शोरूमसमोर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकाच दिवशी सांगून आलेली दोन स्थळे पाहणाऱ्या बापासारखा फोल्कमार त्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत हात मागे बांधून उभा होता. डावीकडची गर्द हिरवी, जुनी पोर्शे त्याची स्वतःची. गेली पंचवीसएक वर्षे ती त्याच्याकडे होती. उजवीकडची त्याच घराण्यातली, त्याच घाटाची, पण नवी. रंगाने करडी, अंगाने रुंद. घराखालच्या गॅरेजमध्ये जागा एकाच गाडीची होती, तेव्हा करडी घरी आली की हिरवी ऑयगेनकडे जाणार, असे बोलणे झाले होते.

"काय म्हाताऱ्या, ठरतंय का काही?" ऑयगेनने दारातूनच विचारले. "उद्या सकाळी फ्रायबुर्गहून एक दातांचा डॉक्टर येतोय. त्याला ही करडी दाखवली की टायरही न बघता घेऊन जाईल. तुझ्यासाठी त्याला थोपवून धरलाय, पण आज संध्याकाळपर्यंतच हं."

"दातांच्या डॉक्टरला कशाला हवी असली गाडी?"

"तुला काय करायचंय? तो निदान दुसऱ्याला तोंड उघडायला लावतो. तू महिनाभर तोंड मिटून बसलायस."

फोल्कमार हसला नाही. "दोन्ही घेऊन हिर्शकोफचा डोंगर चढतो. आधी ही, मग आपली. खाली आलो की सांगतो."

"आणि पोथीवालीचं काय मत?"

पोथीवाली म्हणजे आल्मूट, फोल्कमारची बायको. जुन्या गाड्यांच्या डोंगरी शर्यतींत ती इतकी वर्षे नवऱ्याच्या उजव्या हाताला बसून पुढची वळणे वहीतून वाचून दाखवत आली होती. त्या वहीला इथले शर्यतवाले पोथीच म्हणत, कारण चालवणाऱ्याने तिच्यावर श्रद्धा ठेवायची असते, शंका काढायची नसते. वळणाला एक ते सहा असा अंक असे. एक म्हणजे जवळजवळ मागे फिरणे, सहा म्हणजे रस्त्याने नुसती मान वाकवणे. दोन वळणांमधल्या सरळ रस्त्याचे मीटरही त्यात लिहिलेले असत. हिर्शकोफचा रस्ता आल्मूटला वहीशिवाय पाठ होता.

"पोथीवालीला गाडीत बोलायचा पगार मिळतो," ती म्हणाली. "बाहेर तिला कोण विचारतंय?"

"बघ, विचारतोय ना मी."

"मग मी सांगते, तू कॉफी वाईट करतोस."

ऑयगेन हसला. थट्टेने प्रश्न टाळता आला याचे आल्मूटला हायसे वाटले, आणि पाठोपाठ स्वतःचा रागही आला. महिनाभर ती हेच करत होती.

हिवाळ्यात फोल्कमारच्या पाठीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली होती. दुखणे गेले, पण डावा पाय परत आला नाही. डॉक्टर म्हणाले होते, जोर येईल, धीर धरा, तोवर क्लचची गाडी चालवू नका. उन्हाळ्यात फोल्कमारने जाहीर केले की जोर आला. आल्मूटने ते मानले होते. मग एके सकाळी स्वयंपाकघरातून तिने पाहिले: तो वर्तमानपत्र आणायला घरातल्या बोळातून चालत गेला, वाटेत डाव्या पायातली सपात मागे राहिली, आणि ते त्याच्या लक्षातही आले नाही. थंड फरशीवर एक पाय सपातेत आणि एक उघडा ठेवून तो दारात उभा राहून वर्तमानपत्र वाचत होता. तिने सपात उचलून त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा तो म्हणाला, "सैल झालीय ही."

त्या दिवसापासून सपातेवर कोणी बोलले नाही. ऑक्टोबरच्या शर्यतीत हिरवी गाडी उतरवायचे मात्र तो रोज बोलत होता.

करडी गाडी हिर्शकोफ चढली ती पाणी नळातून यावे तितक्या सहजपणे. तिला क्लच नव्हताच. गिअर ती आपले आपण बदलत होती. फोल्कमारचा डावा पाय पाहुण्यासारखा बाजूला ठेवलेला होता. आल्मूट तिरक्या नजरेने त्याचे खांदे पाहत होती. खांदे सैल होते. इतक्या महिन्यांत तिने ते असे पाहिले नव्हते. रस्ता कोरडा होता, कडेला तोडलेल्या लाकडांच्या राशी रचलेल्या होत्या. ती सवयीने "उजवा तीन" म्हणणार, तेवढ्यात समोरच्या पडद्यावर ते वळण रेखाटून आले, जवळ आले आणि मागे गेले. तिने ओठ मिटून घेतले. पुढच्या वळणालाही तसेच झाले. मग ती खिडकीबाहेर पाहू लागली.

"गाडी उत्तम आहे," खाली आल्यावर फोल्कमार म्हणाला. "इतकी उत्तम, की मी नसलो तरी तिचं काही अडणार नाही."

"माझ्यावाचूनही नाही अडलं तिचं," आल्मूट म्हणाली. ते थट्टेत म्हणायचे होते, पण थट्टा जमली नाही.

मग ते हिरव्या गाडीत बसले. फोल्कमारने स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला किल्ली फिरवली, पाठीमागे इंजीन खाकरून जागे झाले, आणि तापलेल्या तेलाचा, जुन्या कातड्याचा तो ओळखीचा वास आत पसरला. त्या क्षणापासून नियम लागू झाला.

नियम त्यांचा दोघांचा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच शर्यतीत एका उतरत्या वळणावर आल्मूट घाबरून "सावकाश" असे ओरडली होती. फोल्कमारने दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. या गाडीचे सगळे वजन मागे; भर वळणात एकदम पाय उचलला तर मागचे पुढे यायला वेळ लागत नाही. गाडी गिरकी घेऊन उलट्या तोंडाने एका शेतकऱ्याच्या कुरणात जाऊन थांबली. कोणाला खरचटलेही नव्हते. शेतकऱ्याने त्यांना घरच्या आलुबुखाऱ्याची दारू पाजली आणि मोडलेल्या चेरीच्या फांदीबद्दल एक शब्द काढला नाही. त्याच्या ओट्यावर बसून त्यांनी ठरवले होते: इंजीन चालू आहे तोवर शेजारच्याने फक्त रस्ता सांगायचा. भीती, राग, सल्ला, सगळे इंजीन बंद झाल्यावर. कितीतरी वर्षे तो नियम मोडला नव्हता. घरी कडाक्याचे भांडण करून बसले असले, तरी गाडीत आवाज असे तो फक्त वळणांचा.

तेल तापेपर्यंत फोल्कमारने गाडी हळूच नेली, मग चढावाला लागला.

"डावा चार. शंभर. उजवा दोन."

उजव्या दोनच्या आधी त्याला गिअर खाली घ्यायचा होता. पाठीमागे दात खाल्ल्यासारखा आवाज झाला. आल्मूटने मान वळवली नाही. असला आवाज या गाडीने फोल्कमारच्या हातून कधी केला नव्हता. पुढच्या वळणाला आवाज झाला नाही, आणि का झाला नाही ते तिने पाहिले. फोल्कमारने डाव्या हाताने स्वतःचा गुडघा धरून खाली दाबला होता, उजव्या हाताने गिअर टाकला होता. निमिषभर स्टिअरिंगवर एकही हात नव्हता.

"डावा तीन," आल्मूट म्हणाली. आवाज नेहमीसारखाच आला.

चढावर हे निभावते, तिने मनाशी म्हटले. चढावर डोंगरच गाडी रोखतो. उतारावर कोण रोखणार?

माथ्यावरच्या खानावळीसमोर त्याने गाडी उभी केली आणि इंजीन बंद केले. आता बोलता येत होते. फोल्कमार लगेच उतरला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो समोरच्या देवदारांकडे पाहत बसला. कपाळावर घाम होता.

"आलुबुखाऱ्याचा केक आहे आज," आल्मूट म्हणाली. "खायचा?"

"खाली जाऊन."

"खाली ऑयगेनची कॉफी आहे."

"ती सोसवेल."

"उतार मी चालवू?"

तो तिच्याकडे वळला. "तू? ही?"

"बाजारात नेते की मी."

"बाजार सपाट आहे, आल्मूट." मग आवाज मऊ करून म्हणाला, "मला एकदा उतरू दे. मला कळायला हवं."

काय कळायला हवे, हे तिने विचारायला हवे होते. सपात म्हणायला हवे होते, गुडघा म्हणायला हवे होते. शब्द अगदी दातांपाशी आले. पण समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर परीक्षेला निघालेल्या मुलाचा ताण होता. या वयात त्याला दारातूनच परत फिरवायचे तिच्या जिवावर आले. "बरं," ती म्हणाली. त्याने किल्ली फिरवली, आणि बोलायची वेळ निघून गेली.

उतार सुरू झाला तसा गाडीने स्वतःचा वेग धरला. पहिली वळणे मोठी होती, ती एकाच गिअरमध्ये निघाली. फोल्कमार सुंदर चालवत होता, आणि तेच भीतीचे होते. जुना हात जुन्याच वेगाने चालला होता, पाय मात्र जुना राहिला नव्हता. चौथ्यातून तिसऱ्यात येताना पुन्हा दात खाल्ल्याचा आवाज आला. त्याचा हात गुडघ्याकडे गेला. गाडी पांढऱ्या रेघेवर किंचित सरकली आणि परत आली.

"उजवा पाच. दीडशे."

तिने पुढचा रस्ता मनात उलगडला. सरळ पट्टा. मग गिरणीचे वळण, उजवा चार, रुंद, उघडे. ते तिसऱ्या गिअरमध्ये, पाय न उचलता घ्यायचे, आणि फोल्कमार ते नेहमी असेच घेत असे; त्याचे ते लाडके वळण होते. पण त्याला लागूनच डावा एक. कोपर दुमडावे तसा रस्ता तिथे दुमडतो, खाली ओढा, कडेला गुडघाभर दगडी कठडा. गिरणीच्या वळणातून भरधाव बाहेर पडायचे, आणि लगेच पुरता क्लच दाबून दुसरा गिअर टाकायचा. पाय सरकला तर तिथे दुसऱ्यांदा दाबायला रस्ता उरत नाही. हात गुडघ्याकडे गेला तर स्टिअरिंगला हात उरत नाही.

'थांब' म्हणता येत नव्हते. 'सावकाश' म्हटले की काय होते ते कुरणात पाहिलेले होते. तिच्याजवळ एकच भाषा होती, आणि त्या भाषेत ती आजवर एकदाही खोटे बोलली नव्हती.

सरळ पट्ट्याच्या टोकाशी गिरणीचे कौलारू छप्पर दिसू लागले.

"उजवा दोन," आल्मूट म्हणाली.

फोल्कमारने तिच्याकडे पाहिले नाही. पण त्याच्या गालाचा स्नायू हलला. हे वळण तो डोळे झाकून ओळखत होता. चार होते ते, त्याच्या तारुण्यापासून चारच होते. गाडी पुढे धावत होती. पोथी ऐकायची की डोळ्यांचे, हे ठरवायला त्याच्यापाशी एका श्वासाएवढा वेळ होता.

त्याने ब्रेक दाबला. पट्टा सरळ असतानाच, पुऱ्या जोराने. गाडीने नाक खाली घातले, सीटबेल्ट आल्मूटच्या खांद्यात रुतला. दोनच्या वळणासाठी दुसरा गिअर हवा, म्हणून त्याने डावा पाय क्लचवर टाकला. पाय पेडलच्या कडेवरून घसरला आणि खालच्या गालिच्यावर आपटला. त्याला ते कळलेच नाही. तो पाय दाबतच राहिला, गालिचाच दाबत राहिला, आणि हात गिअरशी झगडत राहिला. गाडी तशीच, ओळखू न येण्याइतकी मंद, धडधडत वळणात शिरली, दोनदा हिसका देऊन थरथरली, आणि इंजीन बंद पडले.

उतारावर नुसत्या ब्रेकने त्याने ती वळणापलीकडे, लाकडांच्या राशीशेजारच्या मोकळ्या जागेत आणून उभी केली. हातब्रेक ओढला.

समोर रस्ता रिकामा होता. ना ट्रक, ना सायकलवाला, ना ओली पाने. डाव्या एकचे वळण उन्हात कोरडे, निरुपद्रवी पडलेले होते. खाली ओढ्याचे पाणी वाजत होते.

इंजीन बंद होते. नियमाप्रमाणे आता बोलता येत होते.

"ते चार आहे," फोल्कमार म्हणाला.

"हो."

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"मी निघालो असतो त्यातून. कदाचित पुढच्यातूनही."

"कदाचित," आल्मूट म्हणाली. खोटे बोलून झाल्यावर तिला आता त्याहून गोड काही बोलायचे नव्हते.

त्याने खाली पाहिले. डावा बूट अजून पेडलच्या बाजूला, गालिच्यावर जोर लावून होता. दुसऱ्या कोणाचा पाय पाहावा तसे तो त्याच्याकडे पाहत राहिला. मग दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय मागे घेतला. "सपात सैल नव्हती," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"मग वर का नाही बोललीस? माथ्यावर? इंजीन बंद होतं तिथं. हक्काची जागा होती तुझी."

"नाही जमलं. तुझं तोंड बघून नाही जमलं."

"आणि पोथीत खोटं घालणं जमलं."

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला सोपे गेले असते. "तुला पुरावं लागण्यापेक्षा ते बरं वाटलं," ती म्हणाली. "पण तू पहिल्यांदा गुडघा धरलास तेव्हाच थांबवायला हवं होतं. ते नाही केलं मी. हे केलं."

फोल्कमारने खिडकीची काच खाली घेतली. कापलेल्या लाकडाचा ओला वास आत आला.

"तू दोन म्हणालीस आणि मी दाबला ब्रेक," तो सावकाश म्हणाला. "डोळ्यांना चार दिसत होतं. तरी दाबला. इतका विश्वास मी कोणावर ठेवला नाही, आल्मूट. स्वतःवरही नाही. पण पुढच्या वेळी तू दोन म्हणशील तेव्हा मी विचार करीन. हे खरं दोन, की काळजीचं दोन? आणि या गाडीत विचार करायला वेळ नसतो. पाय कदाचित येईल परत. हे नाही यायचं. आपण दोघं हिच्यात आता नाही बसू शकत."

तो म्हणत होता ते खरे होते. जे वाचवायचे ते वाचले होते, आणि ज्या विश्वासाने ते वाचवले तो संपला होता. त्यासाठी माफी कशी मागायची, तिला सुचेना.

"खाली न्यायची कशी?" तिने विचारले.

"तू ने."

"बाजार सपाट आहे म्हणाला होतास."

"मी वाचतो ना," फोल्कमार म्हणाला, आणि दाराचा आधार घेत गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला आला.

जागा बदलल्यावर दोघांनाही गाडी परकी वाटली. आल्मूटने सीट पुढे ओढली, किल्ली शोधायला उजवा हात आधी गेला, मग डावा. क्लच जड होता. इतका जड असेल असे तिला बाजारात कधी वाटले नव्हते. डावा एक तिने चालण्याच्या वेगाने घेतला. कठडा शेजारून गेला, ओढा खाली राहिला.

"साठ. उजवा चार, चढावरून," फोल्कमार म्हणाला. "पुढचं दिसत नाही. आहे तोच पाय ठेव. उचलू नकोस."

रस्त्याकडेच्या चॅपेलचे, छोट्या प्रार्थनामंदिराचे वळण. रस्ता तिथे एका उंचवट्यावर चढून पलीकडे नाहीसा होतो. हजारदा तिनेच हे वळण वाचले होते, चार म्हणूनच वाचले होते. तरीही त्या उंचवट्याकडे जाताना तिच्या मनात आले: आता याने खोटे सांगितले तर? मला एकदा चाखवायचे म्हणून? पाय आपोआप हलका होऊ लागला. मागचे जड बूड हलल्याचे तिला कमरेत जाणवले. एवढ्याशा शंकेला गाडीने लगेच उत्तर दिले होते.

"चार," तो पुन्हा म्हणाला. तोच आवाज, तसाच सपाट.

तिने पाय जिथे होता तिथे धरून ठेवला. गाडी उंचवट्यावरून गेली, पलीकडे रस्ता होता, आणि वळण चारच होते. तो कशाच्या भरवशावर गाडी चालवत आला होता, हे तिला एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा कळले.

गाव येईपर्यंत तो वाचत राहिला. एकही वळण त्याने सोडले नाही, एकही शब्द जास्त बोलला नाही.

ऑयगेन शोरूमबाहेर आला. उजवीकडून फोल्कमार उतरलेला पाहून त्याचे हसू अर्धवट थांबले. सवयीने त्याने मागच्या झाकणावर हात ठेवून पाहिले. झाकण गरम होते. "चालवत कोण होतं?"

"ही."

"आणि पोथी?"

"मी वाचली," फोल्कमार म्हणाला. "एक शब्द इकडचा तिकडे नाही."

आल्मूटने त्याच्याकडे पाहिले. ऑयगेनला काही कळले नाही. कळावे असे ते बोलणेच नव्हते. फोल्कमारने हात पुढे केला, तिने त्यात किल्ली ठेवली, आणि त्याने ती ऑयगेनला दिली. "दातवाल्याला सांग, उशीर झाला. करडी आम्ही नेतो. आणि ही हिरवी कोणाला देशील ते बघून दे. भर वळणात पाय उचलणारा नको."

"मी मेलो तरी अशाला देणार नाही," ऑयगेन म्हणाला. त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "कॉफी?"

"नको," दोघेही एकदम म्हणाले.

घराकडे निघाले तेव्हा करडीत फोल्कमार चालवत होता. त्याचे खांदे सैल होते, डावा पाय बाजूला निवांत पडला होता. आल्मूटला हात कुठे ठेवावे ते समजेना. तिने ते मांडीवर एकमेकांत अडकवले. इंजिनाचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. चालू आहे की बंद, बोलावे की बोलू नये, तेही कळत नव्हते. गावाबाहेर, सफरचंदांच्या बागेपाशी रस्ता वळू लागला, तसे तिचे तोंड आपले आपण उघडले.

"डावा पाच."

फोल्कमारने नजर खाली, पडद्याकडे नेली. तिथे वळण रेखाटून आले होते. त्याने ते पाहिले, मग रस्त्याकडे पाहिले.

"बरोबर," तो म्हणाला.